कामावर माणूस आहे

"तू या खोलीत किती प्रकारांनी मरू शकतेस, ते आधी सांग," मामंजी म्हणाले.

मी हातात टेप घेऊन उभी होते. रॅक कुठे, दिवे कुठे, पाण्याची टाकी कुठे, सगळं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मरायचं तेवढं ठरवलं नव्हतं.

"मला लेट्यूस लावायचंय, मामंजी."

"ते नंतर. आधी मरणाचं बघू."

माझे सासरे वीज मंडळात सबस्टेशनवर ऑपरेटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात त्यांची ड्यूटी अजून चालूच होती. इस्त्री करताना पायांत चप्पल हवी, टीव्ही बंद केला की पिन काढून ठेवायची, मिक्सरला ओला हात लावला तर जेवणावर बहिष्कार. लग्न होऊन वाईला आले तेव्हा मला वाटलं, या घरात कुणाला तरी जबरी शॉक बसला असणार. तसं काही नव्हतं. कुणालाच कधी बसला नव्हता, आणि त्याचं सगळं श्रेय मामंजी स्वतःकडे घ्यायचे.

खोली होती आमच्या घरावरची, पत्र्याची. पाचगणीच्या हॉटेलांना सॅलडसाठी बारा महिने लेट्यूसचा पाला लागतो हे मला माहेरपासून ठाऊक होतं. बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, मातीशिवाय नुसत्या पाण्यावर ते वाढवायचं शिकूनही मी आले होते. सासूबाईंना ती खोली बँकेच्या एका साहेबाला भाड्यानं द्यायची होती. साहेब शाकाहारी होता, एकटा होता आणि पहाटे उठून गीता म्हणत होता. माझ्या पाल्याकडे असलं एकही गुणपत्र नव्हतं. शेवटी वाटाघाटी होऊन ठरलं, की पहिली ऑर्डर वेळेत आणि पूर्ण गेली तर खोली माझी. नाही गेली तर साहेबाची.

"सांग की," मामंजींनी खिशातून खडू काढला.

"ओला हात बटणाला लागला तर," मी म्हणाले.

"एक. पुढं?"

"दिवा सुटून पाण्यात पडला तर."

"दोन. रॅक लोखंडी आहे, फरशी ओली आहे आणि तू अनवाणी आहेस, ते कोण मोजणार? आणि ते तुझं खताचं पाणी. साध्या पाण्यापेक्षा त्यातनं करंट झकास पळतो." झकास म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की जणू जावयाच्या पगाराबद्दल बोलतायत.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक एक्स्टेन्शन बोर्ड आणला. चार पिना बसतील असा, लांब वायरचा. मामंजींनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, पक्कड मागवली आणि माझ्यादेखत वायर मधोमध कापली. "आता ह्याच्यानं कुणी मरत नाही," म्हणाले आणि बोर्ड मला परत दिला. मी रडायचीच बाकी होते. सासूबाई खालून म्हणाल्या, "साहेबाला एक बल्ब पुरतो म्हणं."

मग मामंजींनी वायरिंग केलं. वायरमनला हाताखाली घेतलं म्हणू या, कारण त्या बिचाऱ्याला त्यांनी एक खिळासुद्धा स्वतःच्या मर्जीनं ठोकू दिला नाही. घरातलं वायरिंग जुनं, त्यावर एवढा भार नको, म्हणून मीटरपासून खोलीसाठी वेगळी जाड लाईन ओढली. दिवे एका एमसीबीवर, बिघाड होताच आपोआप पडणाऱ्या बटणावर, पंप दुसऱ्यावर, पंखे आणि कूलर तिसऱ्यावर. "पंप बिघडला तर पंप बंद पडावा. सगळ्या खोलीनं सुतक पाळायचं कारण नाही." सगळ्यांच्या आधी ईएलसीबी, म्हणजे करंट वाट चुकून माणसात शिरू लागला की क्षणात लाईन तोडणारा. प्लग छातीच्या उंचीवर, पाण्यापासून लांब. प्रत्येक वायर आधी खाली झोळीसारखी सोडून मग वर प्लगमध्ये घेतलेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळीच्या तळाशी ठिबकून जाईल, प्लगमध्ये शिरणार नाही. प्रत्येक रॅकला हिरवी अर्थिंगची वायर. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं आणि त्यावर पाणी घालायचं काम सासूबाईंकडे दिलं. त्या तुळशीला घालून उरलेलं पाणी त्याला घालायच्या, तेही नाक मुरडून.

मुख्य बोर्ड खोलीच्या बाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीपाशी बसवला. आत नाही. ओल्या माणसाला बोर्ड दिसताच कामा नये, हे मामंजींचं मत.

इथवर सगळं ठीक होतं. त्यापुढे मामंजींनी लाईन क्लिअर आणलं.

सबस्टेशनवर पद्धत अशी असते, की खांबावर चढणारा माणूस आधी ऑपरेटरकडे लाईन मागतो. ऑपरेटर ती बंद करतो. काम संपवून तोच माणूस परत येऊन लाईन परत करत नाही, तोवर कलेक्टर आला तरी ती चालू होत नाही. ही पद्धत मामंजींनी माझ्या लेट्यूसला लावली. पाइप धुवायचे असोत की टाकी घासायची, मी जिन्याखाली उभं राहून म्हणायचं, "लाईन क्लिअर मागते."

"कारण?"

"टाकी घासायची आहे."

"किती माणसं?"

"मामंजी, मी एकटीच आहे. तुम्हाला दिसतेय."

"किती माणसं?"

"एक!"

मग ते वर येऊन मेन स्विच पाडायचे, बोर्डाच्या झाकणाला छोटं कुलूप घालायचे, किल्ली माझ्या हातात द्यायचे आणि कुलपावर एक पत्र्याची पाटी अडकवायचे, 'कामावर माणूस आहे'. काम झालं की मी किल्ली देऊन म्हणायचं, "माणसं बाहेर, हत्यारं बाहेर, लाईन परत." एकदा मी हत्यारांचं विसरले तर त्यांनी मला कात्री शोधायला परत वर पाठवलं. कात्री माझ्या कमरेलाच होती.

"जीव ज्याचा आत, किल्ली त्याच्या खिशात," ते म्हणायचे. शेजारपाजारची माणसं हसायची. माझा नवरा रणधीर, त्यांचाच मुलगा, सगळ्यात जास्त हसायचा. तो पतसंस्थेत होता, तिथे कुलूप तिजोरीला घालतात, पाल्याला नव्हे.

पाला मात्र असा काही तरारून आला, की सासूबाईसुद्धा एकदा जिना चढून बघून गेल्या. हॉटेलच्या माणसानं येऊन पानं चाखली, तोंड वाकडं न करता, आणि ऑर्डर दिली. संध्याकाळी गाडी येणार होती. नेमकं त्याच दिवशी कोरेगावला मामंजींच्या पुतण्याचं लग्न. रणधीरला सुट्टी नव्हती, मला ऑर्डर होती, म्हणून सासू-सासरे दोघंच निघाले.

सकाळी फेटा बांधून तयार झालेले मामंजी निघता निघता वर डोकावले. पंपाच्या वायरीचा जोड त्यांना कोमट लागला. ते खाली आले, माझ्यासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, लाईन क्लिअर मागतो."

मी पीठ मळत होते. आजवर लाईन मागणारी मी, देणारे ते.

"अगं, विचार की! कारण विचार!"

"कारण?" मी हात धुऊन पदराला पुसत विचारलं.

"पंपाचा जोड उघडून नवा करायचा आहे."

"किती माणसं?"

"एक," ते म्हणाले आणि त्यांच्या मिशा हलल्या.

मी वर जाऊन मेन पाडला. कुलूप घातलं. किल्ली त्यांना दिली. पाटी अडकवली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. लग्नात मंगळसूत्र घालतानासुद्धा एवढं काही वाटलं नव्हतं.

मी खाली पोळ्यांना लागले. एवढ्यात दारात वडापची, सीटावर भाडं घेणारी जीप आली आणि तिचा हॉर्न जो सुरू झाला तो थांबेना. "अहो, येताय का मी एकटी जाऊन अक्षता टाकू?" सासूबाईंचा आवाज, जिन्यावरून धावती पावलं, जीपचं दार. गेले एकदाचे. मी पोळ्या केल्या, पाकिटांवर चिकटवायची लेबलं कापली, गुणगुणतसुद्धा होते.

दुपारी वर गेले तर खोलीत काळोख. पंखे बंद, कूलर बंद, पंप बंद. वर पत्रा तापलेला, आत नुसती भट्टी. पाइपांत पाणी कधीच सरकायचं थांबलं होतं आणि झाडांनी माना टाकल्या होत्या. बोर्डावर पाटी डुलत होती, कामावर माणूस आहे. लाईन परत घ्यायचं मला सुचलंच नव्हतं.

मी मामंजींना फोन लावला. पलीकडे बँड.

"मामंजी, किल्ली! बोर्डाची किल्ली तुमच्याकडे राहिलीय!"

मामंजी म्हणाले, "कोटाच्या खिशात आहे."

"झाडं मरायला लागलीत. मी कुलूप तोडते."

"तोडू नकोस. कामावर माणूस आहे."

"कुठं आहे माणूस? माणूस कोरेगावात मांडवात बसलाय!"

"माणूस मी आहे. मी लाईन परत केलेली नाही."

"मग आत्ता करा!"

"फोनवर लाईन परत होत नाही. मीच बोलतोय कशावरून?"

"मामंजी, तुमच्याशिवाय जगात दुसरं कोण असं बोलेल?"

"ते मला माहीत नाही. मी येतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्या क्षणी एवढा संताप आला, की मी बँकेच्या साहेबाचीसुद्धा बाजू घेतली असती.

तेवढ्यात रणधीर जेवायला आला. सगळं ऐकून त्यानं बूट काढले, स्वयंपाकघरातून बत्ता उचलला आणि निघाला.

"आप्पांचं डोकं फिरलंय. एका दणक्यात उडवतो कुलूप. तू आत जा, पानांवर पाणी मार. मी तोडलं की मेन वर करतो."

"थांबा," मी म्हणाले.

"आता काय?"

काय ते मलाही नीट माहीत नव्हतं. मामंजींचे नियम मला पटले होते असं मुळीच नाही. पण त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर उभं राहून माझ्याकडे लाईन मागितली होती, मी ती दिली होती, आणि आता हा माझा नवरा स्वयंपाकघरातला बत्ता घेऊन ती मोडायला निघाला होता. मी जिन्यावर जाऊन बोर्डाच्या पुढ्यात बसले.

"दिलेली लाईन माझी आहे," मी म्हणाले. "ती परत आल्याशिवाय हात लावू देणार नाही."

रणधीर माझ्याकडे बघतच राहिला. "आता घरात दोन झाले," म्हणाला.

"बत्ता ठेवा आणि कळशी घ्या. हातानं पाणी फिरवू."

सारी दुपार आम्ही तेच केलं. टाकीतलं पाणी कळशीनं काढायचं, पाइपांच्या वरच्या तोंडात ओतायचं, खाली जमलं की पुन्हा वर न्यायचं. दारातून येईल तेवढाच उजेड. रणधीरनं पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली होती. निम्मं पाणी पाइपात, निम्मं त्याच्या अंगावर. शिव्या सगळ्या आप्पांना. "पतसंस्थेत सांगू काय, की बायकोचा पाला पाजत बसलो होतो?" तरी थांबला नाही हो. पुढच्या रॅकची झाडं सावरली. अगदी मागच्या, भिंतीलगतच्या रॅकची मात्र पार गळाली होती. ती बघून मला भडभडून आलं. मी कळशी ठेवली आणि खाली येऊन हॉटेलला फोन लावत होते, तेव्हा अंगणात मोटरसायकल थांबली.

मोटरसायकल बँडवाल्याची होती. अक्षता पडल्यावर त्याला वाईत दुसरी सुपारी होती. त्याच्या मागे आमचे मामंजी, फेटा कानावर आलेला, मिशांत अक्षता, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. पेटी त्याच्या हातात कोंबून ते धावत जिना चढले, मागून मी. बोर्डावरचं कुलूप बघितलं. हातानं ओढून बघितलं. मग कठड्याला धरून तिथेच उभे राहिले. एवढा मोठा श्वास सोडलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"तोडलं नाहीस," ते म्हणाले.

"नाही. आता आधी चालू करा, मामंजी. गाडी येईल."

"जोड अर्धाच राहिलाय, वाटेत ध्यानात आलं. तो करतो." ते आत गेले, मी मागोमाग. कोपऱ्यात पंपापाशी वाकून त्यांनी वायर शोधली आणि मग वाकलेलेच राहिले. मी पुढे होऊन पाहिलं. सकाळी उघडलेला जोड तसाच उघडा होता, जीपच्या हॉर्नच्या घाईत टाकलेला. तांब्याची दोन नागडी टोकं मागच्या रॅकच्या लोखंडी पायाला टेकून पडली होती. पायाखाली पाणी. आणि त्याच रॅकला कवटाळून, अनवाणी, ओलाचिंब, माझा नवरा उभा होता.

"काय झालं?" रणधीर म्हणाला. "सगळे माझ्याकडं का बघताय?"

दुपारी मी होकार दिला असता, तर बत्ता रणधीरच्या हातात असता, मेन त्यानं वर केला असता आणि त्या रॅकपाशी पाणी मारत मी उभी असते.

"पण ईएलसीबी आहे की, मामंजी," मी कसंबसं म्हणाले. "तो पडला असता."

"पडला असता."

"अर्थिंग पण आहे."

"आहे. तूही वाचली असतीस, बहुतेक." त्यांनी ती टोकं अलगद उचलली. "बहुतेकच्या भरवशावर मी कुणाला आत पाठवत नाही, पोरी. आज माझ्याच हातनं... मीच वायर उघडी टाकली आणि मीच फेटा बांधून जेवायला निघालो."

त्यांनी मन लावून जोड केला. मग आम्ही तिघं बाहेर आलो. त्यांनी फेटा नीट केला, माझ्यासमोर उभे राहिले आणि किल्ली पुढे धरली.

"माणसं बाहेर," ते म्हणाले. रणधीरकडे वळून बघितलं, त्याच्या दंडाला हात लावून खात्री केली. "हत्यारं बाहेर. लाईन परत."

मी मेन वर केला. पंखे फिरले, दिवे लागले, पाइपांतून पाणी सरकायला लागलं. मामंजी पायरीवर बसले. जेवले नव्हते, तिथेच पोळी-भाजी आणून दिली.

"आयुष्यभर लोकांच्या लाईनी धरून बसलो," पहिला घास हातात घेऊन ते म्हणाले. "खांबावर दुसरा असायचा, खाली मी. माझी लाईन आजवर कुणी धरली नव्हती. वाटभर वाटत होतं, तोडलं असंल, पोरीनं तोडलं असंल." मग त्यांनी तो घास तोंडात घातला. रणधीर उगाच पँट पिळत बसला.

गाडी आली. मागचा अख्खा रॅक गेला होता, ऑर्डर पूर्ण झाली नाही. हॉटेलच्या माणसानं होतं तेवढं नेलं आणि पुढच्या खेपेचं बघू म्हणाला. म्हणजे कराराप्रमाणे खोली गेली होती. मी मनातल्या मनात रॅक उतरवायलाही सुरुवात केली.

दिवेलागणीला सासूबाई आल्या, त्या अंगणातूनच कडाडत.

"माणूस अक्षता पडल्याबरोबर उठतो, पंगतीला पाठ दाखवून पळत सुटतो, तेही बँडवाल्याच्या गाडीवर! सगळी भावकी मला विचारतीय, घरात कोण गेलं? काय सांगू मी लोकांना? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही म्हणून सांग," मामंजी म्हणाले.

सासूबाई आणखी बोलणार होत्या, पण त्यांनी मामंजींच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या, मग ओल्या कपड्यातल्या मुलाच्या. "काय झालं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मामंजींनी सांगितलं. स्वतःची चूक आधी सांगितली. ऑर्डरचं मी सांगितलं, कारण ते कुणालातरी सांगावंच लागणार होतं.

त्यांनी रणधीरच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्या. आत जाऊन शालू बदलला. थोड्या वेळानं त्या घागर भरून अंगणात गेल्या आणि तुळशीच्याही आधी, नाक न मुरडता, सगळी घागर त्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतली. घागर पालथी धरूनच त्या मामंजींना म्हणाल्या, "उद्या त्या साहेबाला फोन करा. खोली रिकामी नाही म्हणावं."